मुंबई-ठाणे-डोंबिवलीला रॉकचे केंद्र का लाभले नाही? : नभोवाणीच्या नियमांचा इतिहास (दीर्घ धागा)

१.
२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसे राहत होती. एवढ्या वस्तीच्या अमेरिकी वा युरोपीय शहरात केवळ रॉक संगीत ऐकवणारे एखादे व्यापारी नभोवाणी केंद्र सहसा असतेच. आपल्या पट्ट्यात ते कधीच का उभे राहिले नाही? 'आपल्या लोकांना ते संगीत आवडत नाही' हे उत्तर सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. खरे उत्तर परवान्यांच्या अटींत, लिलावाच्या आकड्यांत आणि लहरींच्या मोजमापात दडलेले आहे.

२.
प्रथम श्रोत्यांचा प्रश्न निकालात काढू. १९७० च्या सुमारास 'सिमला बीट' या सिगारेट कंपनीच्या पुरस्कृत स्पर्धेत देशभरातील वाद्यवृंद उतरत होते. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, स्थानिक वादकांसह त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवूनही गेले. १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लिश वाद्यवृंद धोबीतलावाच्या रंगभवनात उभा राहिला.

३.
त्याच रंगभवनाने पुढे 'इंडिपेंडन्स रॉक'ची गर्दी पाहिली. हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये जन्मलेला मुंबईचा 'रॉक मशीन' पुढे 'इंडस क्रीड' या नावाने देशभर पोहोचला. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेतून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक काढले. म्हणजे श्रोते होते, वादक होते, मासिक होते, व्यासपीठ होते. नव्हते ते केंद्र. या उणिवेचे मूळ शोधण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागते.

४.
२३ जुलै १९२७. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ही खाजगी कंपनी होती. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट, खात्रीचा पल्ला सुमारे ३० मैल. कल्याण हे बोरीबंदरपासून लोहमार्गाने ३३ मैलांवर. नभोवाणीच्या पहिल्याच दिवशी हा पट्टा तिच्या परिघाच्या काठावर होता, ही नोंद ध्यानात ठेवावी.

५.
कंपनीचे उत्पन्न प्रामुख्याने श्रोत्यांच्या परवाना शुल्कातील वाट्यावर अवलंबून होते. परवानाधारकांची संख्या देशभरात दहा हजारांपर्यंतही पोहोचली नाही. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळ्यात निघाली, १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला आणि जून १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. तेव्हापासून सहा दशकांहून अधिक काळ या देशात केंद्र चालवण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे राहिला.

६.
मक्तेदारीत आवडनिवड वरून ठरते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला तेथील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक आता व्यापारी प्रसारणाच्या कामी आला होता. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तेथूनच घरोघरी पोहोचली.

७.
या घटनेतून एक गोष्ट सिद्ध झाली. श्रोत्याची आवड मंत्रालयाच्या आदेशाने मरत नाही, ती दुसरी वाट शोधते. चित्रपटगीतांचा श्रोता कोट्यवधींचा होता, म्हणून सरकारला माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. पण ज्या आवडीमागे कोटींची संख्या नाही, तिचे काय? तिच्यासाठी कोण माघार घेणार? आपल्या आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

८.
आता १९६७ या वर्षाकडे येऊ. त्या एका वर्षात जगाच्या तीन कोपऱ्यांत नभोवाणीच्या तीन निरनिराळ्या कहाण्या घडल्या.

पहिली अमेरिकेतील. तेथे एफएम केंद्रे होती, पण बहुतेक मालक आपल्या मध्यमलहरी केंद्राचाच कार्यक्रम एफएमवर जसाच्या तसा ऐकवत. नियामक आयोगाने नियम केला : एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात एफएमवरील निम्म्याहून अधिक कार्यक्रम अशी नक्कल असता कामा नये. १९६७ च्या आरंभी तो प्रत्यक्ष अमलात आला.

९.
मालकांपुढे पेच उभा राहिला. इतके तास भरायचे कशाने? आणि तेही कमी खर्चात? एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'केएमपीएक्स' या केंद्रावर टॉम डॉनह्यू या निवेदकाने तीन मिनिटांच्या लोकप्रिय गाण्यांऐवजी संपूर्ण तबकड्या, लांबलचक गाणी, अनोळखी वाद्यवृंद वाजवायला आरंभ केला. रॉक केंद्राचा जो प्रकार पुढे जगभर गेला, त्याचा उगम येथे आहे. आवड आधीपासून होती. तिला जागा करून दिली ती एका रुक्ष प्रशासकीय नियमाने.

१०.
दुसरी कहाणी ब्रिटनची. तेथेही बीबीसीची मक्तेदारी होती. १९६४ च्या ईस्टरला 'रेडिओ कॅरोलाइन' हे केंद्र किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजावरून सुरू झाले आणि बीबीसीवर क्वचितच वाजणारे संगीत दिवसभर वाजू लागले. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने अशा जहाजांची नाकेबंदी केली. परंतु शासनाला त्या श्रोत्यांची दखल घ्यावीच लागली आणि ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीने तरुणांच्या संगीतासाठी 'रेडिओ वन' ही स्वतंत्र वाहिनी काढली.

११.
तिसरी कहाणी आपली. अशोक चंदा समितीने १९६६ मध्ये आकाशवाणीवर जाहिराती घेण्याची शिफारस केली होती. त्यानुसार १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाले आणि त्यासाठी निवडलेली पहिली केंद्रे होती मुंबई, पुणे आणि नागपूर. तिन्ही महाराष्ट्रातील. भारतीय व्यापारी नभोवाणीचा जन्म मराठी मुलखात झाला, हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

१२.
मात्र फरक पाहा. अमेरिकेत नियमाने वैविध्य सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये बंडाने वैविध्य मिळवले. आपल्याकडे जाहिरात आली, पण केंद्र एकच राहिले. एका केंद्राने सर्वांना खूश करायचे म्हटले की प्रत्येक अल्पसंख्य आवडीच्या वाट्याला आठवड्यातील एखादा तास येतो. पाश्चात्त्य संगीताला आकाशवाणीवर असे ठरावीक तास मिळत. त्या तासाची वाट पाहत बसणारी एक पिढी दादरपासून डोंबिवलीपर्यंत वाढली.

१३.
१९९१ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीबरोबर एमटीव्ही घरात आले आणि नभोवाणीवरही हालचाल झाली. १९९३ पासून आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरील तास खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. 'टाइम्स एफएम' आणि 'रेडिओ मिड-डे' ही नावे तेव्हाची. प्रक्षेपक सरकारचा, आवाज खाजगी. इंग्रजी गाणी, गप्पा मारणारे निवेदक, श्रोत्यांच्या फर्माइशी, सारे ऐकू येऊ लागले. १९९८ च्या जूनमध्ये ही व्यवस्था बंद करण्यात आली.

१४.
दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक ऐतिहासिक निकाल लागला. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता. न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने स्पष्ट केले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची वा कुणाचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचा विनियोग लोकहितासाठी, स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली, विविध मते-अभिरुचींना स्थान देत व्हायला हवा.

१५.
सरकारने या निकालातील एकच अर्धा भाग मनावर घेतला. मक्तेदारी मोडली, पण अभिरुचींच्या वैविध्याची कोणतीही अट न घालता लहरी लिलावात काढल्या. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतील १०८ वाहिन्या देऊ केल्या होत्या. मुंबईची बोली वार्षिक ९ कोटी ७५ लाख रुपयांवर स्थिरावली. त्यावर दरवर्षी १५ टक्के वाढ. मुदत दहा वर्षे.

१६.
जरा हिशेब करू. पहिल्या वर्षी दिवसाला सुमारे २ लाख ६७ हजार रुपये केवळ परवान्यापोटी. पगार, वीज, जागा आणि गाण्यांचे स्वामित्वधन वेगळे. पाचव्या वर्षी शुल्क १७ कोटींवर, दहाव्या वर्षी ३४ कोटींवर. केंद्र नफ्यात असो वा तोट्यात, आकडा वाढतच जाणार. अशा ओझ्याखाली कुठला मालक थोड्या, पण निष्ठावान श्रोत्यांसाठी केंद्र चालवील? देऊ केलेल्या १०८ वाहिन्यांपैकी अखेर अवघ्या २१ प्रत्यक्ष सुरू झाल्या, यातच सारे आले.

१७.
तरीही २००२ मध्ये मुंबईत पाच खाजगी केंद्रे सुरू झाली : रेडिओ सिटी, गो ९२.५, रेड ९३.५, विन ९४.६ आणि रेडिओ मिरची ९८.३. यांपैकी 'गो ९२.५' हे मिड-डे समूहाचे केंद्र आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ येते. बाकीची केंद्रे मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांमागे धावत असताना 'गो'ने इंग्रजी संगीताचा मार्ग धरला. ते निव्वळ रॉक केंद्र नव्हते. पण दिवसाउजेडी, फुकट, साध्या रेडिओवर रॉक ऐकण्याची सोय या महानगर प्रदेशाला तेथे झाली.

१८.
ही सोय कल्याणपर्यंत कशी पोहोचली, हेही समजून घेऊ. एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात. डोंगर आड आला की क्षीण होतात. ठाण्याच्या पुढे पारसिकची रांग आहे. १९१६ मध्ये खुला झालेला सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा त्या काळच्या जलद लोकलच्या प्रवाशांना चांगलाच परिचित होता. कळव्यापुढे गाडी बोगद्यात शिरली की कानातले गाणे खरखरीत बुडायचे आणि दिव्याच्या बाजूला बाहेर पडल्यावर पुन्हा उगवायचे. रेडिओ असलेले मोबाइल आल्यावर तर डब्यातील निम्मे प्रवासी एकाच वेळी हा अनुभव घेत.

१९.
पण लहर पोहोचली म्हणून शहर परवान्यावर आले असे नाही. पहिल्या दोन्ही टप्प्यांत ठाणे वा कल्याण-डोंबिवली या नावाने स्वतंत्र वाहिनी नव्हती. हा पट्टा मुंबईच्या परवान्यातच धरलेला. त्यामुळे येथील श्रोता मुंबईच्या बोलीच्या किमतीत मोजला गेला, पण येथील एखाद्या उद्योजकाने कमी भांडवलात आपल्या गावासाठी छोटे केंद्र काढावे, ही वाट उघडीच झाली नाही. सांगली, जळगाव, अकोला, धुळे यांना दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या वाहिन्या मिळाल्या. त्यांच्याहून कितीतरी मोठ्या वस्तीला नाही.

२०.
'गो'चे पुढे काय झाले? इंग्रजी संगीताचा निखळ बाणा टिकला नाही, हिंदी गाणी शिरली, नाव बदलून 'रेडिओ वन' झाले आणि केंद्र ९४.३ वर गेले. 'विन ९४.६' तर काही वर्षांतच बंद पडले. अमित मित्रा समितीने २००३ मध्ये ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची शिफारस केली आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ती स्वीकारली गेली : प्रवेशशुल्क एकदाच, पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के वा ठरलेली किमान रक्कम. ओझे हलके झाले. बेंगळुरू आणि गोव्यात 'इंडिगो ९१.९' सारखे आंतरराष्ट्रीय संगीताचे केंद्र याच टप्प्यात उभे राहिले.

२१.
मग मुंबई प्रदेशात का नाही? दोन कारणे. पहिले, एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी हा नियम. ज्याच्याकडे एकच दुकान, तो सर्वाधिक खपाचाच माल ठेवणार. म्हणून सगळ्यांनी तीच हिंदी गाणी वाजवली. दुसरे, लहरींतील अंतर. एका शहरातील दोन वाहिन्यांत किमान ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा दंडक होता. मुंबईचे आकडे आठवून पाहा : ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक पायरी ०.८ ची. पायऱ्या मोजक्या, म्हणून दुकाने मोजकी, म्हणून भाव चढा.

२२.
त्यात २००७ पासून श्रोतृसंख्या मोजण्याची 'रॅम' पद्धत आली. निवडक श्रोत्यांनी दिवसभरात काय ऐकले ते डायरीत नोंदवायचे आणि त्यावरून जाहिरातदारांनी पैसे कुठे घालायचे ते ठरवायचे. अशा नमुन्यात अल्पसंख्य आवड दशांश चिन्हाच्या पलीकडे जाते. आठवड्यातून तीन रात्री मन लावून ऐकणारा श्रोता आणि दुकानात दिवसभर नुसता रेडिओ चालू ठेवणारा श्रोता, यांत डायरीच्या दृष्टीने दुसराच मोठा.

२३.
काहींनी आकाशातली वाट धरली. 'वर्ल्डस्पेस' या उपग्रह नभोवाणीचा 'एशियास्टार' उपग्रह मार्च २००० मध्ये सोडण्यात आला होता. वर्गणी भरायची, खास संच घ्यायचा आणि उपग्रहाच्या दिशेला तोंड करून छोटा अँटेना खिडकीत ठेवायचा, की जाहिरातींविना रॉक, जाझ, कर्नाटक संगीत, सारे हजर. समोर दुसरी इमारत उभी असली, तर मात्र संच मुका. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. महागडे संच शोभेच्या वस्तू झाले.

२४.
तिकडे प्रत्यक्ष मैफलींचीही जागा आक्रसली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र आखले. त्यातून काही वर्षांतच रंगभवनातील मैफली थांबल्या. नियम योग्यच होता. रुग्णाची झोप मैफलीहून मोठी. परंतु एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

२५.
तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात अधिक वाहिन्या घेण्याची मुभा मिळाली. आता तरी वेगळे काही येईल, अशी आशा होती. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका वाहिनीची किंमत १२२ कोटींच्या पुढे गेली. मुदत पंधरा वर्षे. एका समूहाने घेतलेल्या दुसऱ्या वाहिनीवर, म्हणजे 'रेडिओ नशा ९१.९' वर, जुनी हिंदी चित्रपटगीते आली. एवढे पैसे मोजणाऱ्याने सुरक्षित पर्याय निवडला, याचा दोष त्याला देता येत नाही. 'रेडिओ वन'ने मधल्या काळात आंतरराष्ट्रीय संगीताकडे पुन्हा मोहरा वळवला, पण तोही सरमिसळीचा मार्ग होता.

२६.
आता मुख्य मुद्दा. '२००२ च्या त्या पाच केंद्रांत रॉकचे एकही नव्हते' हे वाक्य वाचून ज्यांना काहीच वाटले नसेल, त्यांनी दुसरे वाक्य वाचावे : त्या पाच केंद्रांत मराठीचेही एकही नव्हते. महाराष्ट्राच्या राजधानीत, जेथून भारतीय व्यापारी नभोवाणी सुरू झाली तेथे, खाजगी एफएमचा आरंभ एकाही मराठी केंद्राविना झाला. कारण तेच होते : एकच दुकान, चढा भाव, सर्वाधिक खपाचा माल.

२७.
डोंबिवलीचे उदाहरण घ्या. गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये येथे गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली आणि ती प्रथा पुढे गावोगावी गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते. त्या गर्दीत भावगीत ऐकणारे असतात, नाट्यगीत ऐकणारे असतात आणि काळा सदरा घालून गिटार शिकायला जाणारेही असतात. ही मंडळी एकमेकांच्या आवडीला नाके मुरडत असतील. पण लिलावाच्या कागदावर दोघांची किंमत सारखीच होती : शून्याच्या आसपास.

२८.
म्हणून या इतिहासाकडे केवळ एका परकीय संगीतप्रकाराची हौस म्हणून पाहू नये. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे घडले, ते 'नक्कल नको' या एका अटीमुळे. आपल्याकडेही काही अटी शक्य होत्या, आजही आहेत : महानगराच्या उपनगरी शहरांसाठी कमी शक्तीचे, कमी किमतीचे परवाने, लहरींतील अंतर कमी करून वाढवलेल्या वाहिन्या, आणि काही वाहिन्या अशा, ज्यांचा निवाडा केवळ बोलीच्या रकमेवर होणार नाही.

२९.
आज मोबाइलवर हवे ते गाणे क्षणात मिळते, मग केंद्र हवेच कशाला, असा प्रश्न येईल. फरक एवढाच, की मोबाइल आपल्याला ठाऊक असलेल्या आवडीचेच पुढचे गाणे देतो. केंद्रावर दुसऱ्या कुणीतरी निवडलेले, आपण कधी मागितले नसते असे गाणे, त्याच क्षणी कळव्यात, दिव्यात आणि कोपरच्या फलाटावर एकत्र ऐकले जाते. त्यातूनच श्रोत्यांचा समाज घडतो, स्थानिक वादकाला गाव मिळते.

३०.
१९९५ च्या निकालाने लहरींचा मालक कोण, याचे उत्तर दिले आहे : आपण सारे. १९२७ मध्ये परिघाच्या काठावर असलेला हा पट्टा आज तीस लाखांवर वस्तीचा आहे आणि परवान्यांच्या भाषेत अजूनही काठावरच आहे. पुढच्या लिलावाची चर्चा होईल तेव्हा बोलीचा आकडा किती, याआधी एक प्रश्न विचारायला हवा : या परवान्यात वैविध्याची अट कुठे आहे?

धागा समाप्त. आपल्या घरातील रेडिओची सुई कोणत्या आकड्यावर थांबलेली असायची, हे प्रतिसादात जरूर लिहावे.